सीवायपी१ए१ : विष मोडणारं एन्झाइम कर्करोगाच्या वाटेला कसं लागतं?

एम.फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : सिगारेट-विडीच्या धुराने सीवायपी१ए१ हे एन्झाइम वाढतं आणि तेच एन्झाइम धुरातल्या बेंझोपायरीनला कर्करोगकारक बनवतं, असं वाचलं. मग शरीराने असलं एन्झाइम बाळगलंच कशाला? धूम्रपान करणाऱ्यांना ते दाबणारं औषध का देत नाहीत? आणि माझे वडील कित्येक वर्षं विडी ओढतात, तर त्यांची या जनुकाची चाचणी करून घ्यावी का?

आधी सरळ उत्तरं देते. सीवायपी१ए१ कर्करोग घडवतं हे अर्धसत्य आहे. ते कुठल्या ऊतीत आहे, किती वेळ चालू राहतं आणि पुढचं काम करणारी एन्झाइम्स शेजारी पुरेशी आहेत की नाहीत, यावर सगळं ठरतं. ते दाबावं हा विचार अनेकांनी केला, पण उंदरांत हे जनुक काढून टाकल्यावर जे दिसलं ते वाचल्यावर तुम्हीही सावध व्हाल. आणि चाचणी नको. वडिलांसाठी त्याहून कितीतरी उपयोगी गोष्टी करता येतात, त्याही लिहिते.

आता सविस्तर. १७७५ मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी नोंदवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याचा दोष त्यांनी काजळीला दिला. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर लावून तिथे कर्करोग निर्माण करून दाखवला. डांबरातला नेमका गुन्हेगार हुडकायला लंडनमधल्या केनावे यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबर उपसलं आणि १९३३ मध्ये त्यातून बेंझोपायरीन वेगळं केलं. पण कोडं सुटलं नाही, वाढलंच. बेंझोपायरीन हा पाच कड्यांचा सपाट, पाण्यात न विरघळणारा आणि रासायनिकदृष्ट्या अगदी आळशी रेणू आहे. नुसता डीएनएशेजारी ठेवला तर तो डीएनएला धरत नाही. मग कर्करोग होतो कसा?

या कोड्याचं उत्तर ज्या प्रयोगशाळेत आकाराला आलं ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची, जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याची. तिथे अ‍ॅलन कॉनी हा विद्यार्थी एका विचित्र निरीक्षणामागे लागला होता. उंदरांना यकृताचा कर्करोग करणारा एक रंग खाऊ घालताना सोबत मिथिलकोलॅन्थ्रीन हे दुसरं कर्करोगकारक दिलं, तर गाठी वाढायच्या सोडून कमी होत होत्या. १९५६ मध्ये कॉनी आणि मिलर यांनी कारण दाखवलं : दुसऱ्या रसायनाने यकृतातली विष मोडणारी एन्झाइम्स वाढली आणि त्यांनी त्या रंगाचा निकाल लावला. बेंझोपायरीनही असंच स्वतःला मोडणारं एन्झाइम वाढवतं, हेही पुढे त्यांनीच दाखवलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. ज्या गुणाला आज आपण भितो, तो सापडला तो संरक्षण करताना.

मग हेच एन्झाइम घात कसा करतं, ते रेणूच्या पातळीवर पाहू. सीवायपी१ए१ बेंझोपायरीनच्या कडेला, ७ आणि ८ क्रमांकाच्या कार्बनवर, ऑक्सिजनचा अणू बसवतं. तयार होतं ते इपॉक्साइड. इपॉक्साइड हायड्रोलेज नावाचं दुसरं एन्झाइम, तेही विष मोडणारंच, त्यात पाणी घालून डायॉल बनवतं. इथवर बहुतेक माल शरीराबाहेर जाण्याच्या वाटेला लागलेला असतो. पण त्यातला थोडा डायॉल पुन्हा सीवायपी१ए१च्या किंवा त्याच्या भावाच्या, सीवायपी१बी१च्या, तावडीत सापडतो आणि या वेळी ऑक्सिजन ९ आणि १० क्रमांकावर बसतो. रेणूच्या आकारात तिथे एक खाच आहे. त्या खाचेत बसलेलं इपॉक्साइड हायड्रोलेजच्या हाती सहज लागत नाही, आणि ते अतिशय तापट असतं. हा डायॉल-इपॉक्साइड डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराला पक्का चिकटतो. दुरुस्ती झाली नाही तर प्रत काढताना ग्वानिनच्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर येतं.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेनिसेन्को, फाइफर आणि सहकाऱ्यांनी मानवी पेशींमध्ये हा डायॉल-इपॉक्साइड टाकून तो पी५३ या गाठी रोखणाऱ्या जनुकात कुठे चिकटतो ते मोजलं. तो जास्तीत जास्त चिकटला १५७, २४८ आणि २७३ या कोडॉनवर (जनुकातल्या तीन-तीन अक्षरांच्या शब्दांवर), आणि फुप्फुसाच्या कर्करोगात पी५३ नेमका याच ठिकाणी वारंवार बिघडलेला असतो. धुरातल्या एका रसायनाचा ठसा रुग्णाच्या गाठीतल्या जनुकावर उमटलेला दिसावा, इतका थेट पुरावा कर्करोगशास्त्रात फार थोड्या ठिकाणी मिळतो. शिकवताना मी हा भाग कधीच घाईत उरकत नाही.

आता नियंत्रण. विद्यार्थी बहुधा इथेच पाठांतर करून मोकळे होतात, आणि खरी गंमत इथेच आहे.

निरोगी, धुरापासून दूर असलेल्या माणसाच्या फुप्फुसात किंवा यकृतात सीवायपी१ए१ जवळजवळ नसतंच. जनुक असतं, पण बंद. ते चालू करणारं प्रथिन पेशीद्रवात वाट पाहत बसलेलं असतं : एएच रिसेप्टर, म्हणजे अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर. एचएसपी९० चे दोन रेणू, पी२३ आणि एआयपी अशा मदतनिसांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. बेंझोपायरीनसारखा सपाट, कडीदार रेणू त्याच्या खळग्यात बसला की रिसेप्टर केंद्रकात शिरतो, जुने मदतनीस सोडतो आणि अर्न्ट या प्रथिनाशी जोडी जमवतो. ही जोडी जनुकाच्या वरच्या बाजूला असलेल्या जीसीजीटीजी या पाच अक्षरांच्या खुणेवर बसते. सीवायपी१ए१च्या वरती अशा खुणा एकीहून अधिक आहेत, म्हणूनच त्याची वाढ इतकी जोरदार होते. गुंडाळलेला डीएनए मोकळा होतो आणि काही तासांत आरएनएचं प्रमाण कैक पटींनी चढतं.

हा रिसेप्टर आहे हे अ‍ॅलन पोलंड यांनी १९७६ मध्ये डायॉक्सिन या क्लोरिनयुक्त विषाला किरणोत्सर्गी खूण लावून दाखवलं. त्याआधी डॅनियल नेबर्ट या संशोधकांनी उंदरांच्या दोन वाणांत फरक ओळखला होता : सी५७ वाणात एन्झाइम सहज वाढतं, डीबीए वाणात त्याच मात्रेला ढिम्म. फरक एन्झाइमात नव्हता, रिसेप्टर रसायनाला किती घट्ट धरतो यात होता.

चालू होण्याइतकंच बंद होणं मोलाचं आहे, आणि त्याची व्यवस्था तिहेरी आहे. पहिली म्हणजे एन्झाइम स्वतःच आपल्याला जागवणाऱ्या रेणूला खाऊन टाकतं, म्हणजे हाक मारणाराच उरत नाही. दुसरी म्हणजे काम झालेला रिसेप्टर केंद्रकाबाहेर काढून प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, नष्ट केला जातो. तिसरी म्हणजे हाच रिसेप्टर एएचआरआर या नावाचं एक दडपणारं प्रथिनही तयार करवतो, आणि ते अर्न्टला अडवून बसतं. शरीरातलं ट्रिप्टोफॅन उजेडात मोडून एफआयसीझेड नावाचा रेणू बनतो, तोही रिसेप्टरला जागवतो, पण सीवायपी१ए१ त्याला लगेच संपवतं. म्हणजे ही यंत्रणा मुळात थोडा वेळ चालू होऊन बंद होण्यासाठीच आहे, आणि ती सिगारेटसाठी तर नक्कीच घडलेली नाही. तुमच्या ‘बाळगलंच कशाला’ या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर इरॉड, म्हणजे सीवायपी१ए१चं काम चमकेवरून मोजणारी, चाचणी करून पाहा. तुमच्या विभागात फ्लोरोमीटर असेलच. ९६ खणांच्या प्लेटमध्ये हेपजी२ या मानवी यकृताच्या पेशी वाढवायच्या, काही खणांत प्रेरक, म्हणजे एन्झाइम वाढवणारं रसायन, टाकून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी एथॉक्सिरेसोरुफिन घालायचं. सीवायपी१ए१ त्यावरचा एथिल गट काढून टाकतं आणि उरतं ते रेसोरुफिन, गुलाबी आणि चमकणारं. प्रेरक नसलेले खण कोऱ्या खणांइतकेच मंद असतात. प्रेरक दिलेल्यांत काही मिनिटांत चमक चढू लागते. प्रेरक म्हणून बेंझोपायरीन वापरलं तर पुढच्या दोन-तीन दिवसांत ही चमक उतरते, कारण पेशींनी ते खाऊन संपवलेलं असतं. डायॉक्सिन वापरलं तर ती उतरतच नाही. क्लोरिनच्या अणूंनी कोपरे बंद केलेला तो रेणू सीवायपी१ए१ला मोडता येत नाही, आणि माणसाच्या शरीरात तो अर्धा व्हायला वर्षं लागतात. १० जुलै १९७६ ला इटलीतल्या सेवेसोजवळ कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग सुटला आणि मुलांच्या चेहऱ्यांवर क्लोरअ‍ॅक्नेचे, म्हणजे मुरुमांसारखे, फोड उठले. डायॉक्सिन डीएनएला चिकटत नाही, तरीही ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. नुकसान होतं ते रिसेप्टर सतत जागा राहिल्याने. एन्झाइम वाईट की चांगलं असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण आधी समजून घ्यावं.

आता उंदरांकडे. २००० मध्ये शिमिझू आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात एएच रिसेप्टरच नाही अशा उंदरांना कातडीवाटे बेंझोपायरीन दिलं. नेहमीच्या उंदरांत गाठी झाल्या, यांच्यात झाल्या नाहीत. झालं, सगळे म्हणाले : रिसेप्टर बंद करा, सीवायपी१ए१ बंद करा, कर्करोग टळला. पण चारच वर्षांनी, २००४ मध्ये, नेबर्ट यांच्या प्रयोगशाळेत उनो यांनी सीवायपी१ए१ नसलेल्या उंदरांना रोज तोंडावाटे बेंझोपायरीन दिलं, किलोमागे १२५ मिलिग्रॅम. हे उंदीर महिन्याभरात मेले, अस्थिमज्जा खालावून आणि रोगप्रतिकारशक्ती ढासळून. एन्झाइम शाबूत असलेले उंदीर त्याच मात्रेवर वर्षभर टिकले. त्याहून चक्रावणारं म्हणजे एन्झाइम नसलेल्यांच्या डीएनएला चिकटलेलं बेंझोपायरीन कमी नव्हतं, जास्त होतं. पुढे त्याच गटाने सीवायपी१बी१ही काढून टाकलं, तेव्हा रोगप्रतिकारशक्तीचं ते नुकसान टळलं.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पोटातून आलेलं विष आतड्याच्या अस्तरातलं आणि यकृतातलं सीवायपी१ए१ आल्याआल्या मोडतं, तिथेच ग्लुटाथायोन आणि ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारी एन्झाइम्स मुबलक असतात, आणि माल पित्तावाटे-लघवीवाटे निघून जातो. हा पहारा नसेल तर बेंझोपायरीन रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोचतं, जिथे सीवायपी१बी१ आहे पण पुढची सफाई करणारी एन्झाइम्स तोकडी आहेत. पोळ्या लाटणाऱ्या चौघी आणि भाजणारी एक असली की लाटलेल्या पोळ्या एकमेकींना चिकटतात, तशी गत. कातडीवर चोळलेलं किंवा धुरातून थेट फुप्फुसात गेलेलं रसायन तर या पहाऱ्याला वळसा घालूनच येतं. ते जिथे उतरतं त्याच पेशीत मोडलं जातं आणि तापट तुकडेही तिथेच तयार होतात. शिमिझू आणि उनो यांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण दोघेही बरोबर आहेत. त्यांचे प्रश्न वेगळे होते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं ठाम उत्तर ‘नाही’ असं आहे. सीवायपी१ए१ दाबणारी रसायनं आहेत. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल पेशींच्या बशीत छान काम करतं. पण माणसाला ते गोळीतून दिलं तर फुप्फुसातलं एन्झाइम दाबताना आतड्यातला पहाराही उठणार नाही, याची हमी कोण देणार? कर्करोग टाळायला म्हणून गोळ्या देण्याचा मोठा धडा आपल्याला आधीच मिळालेला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन दिलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. निकाल १९९४ मध्ये आला, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या कॅरेट चाचणीतही तेच दिसलं. १९९९ मध्ये पाओलिनी यांनी दाखवलं की बीटा-कॅरोटिन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसात सीवायपी१ए१ आणि त्याच्या कुळातली इतर एन्झाइम्स चांगलीच वाढलेली असतात. माणसातल्या निकालाचं हे एकमेव कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण भाजीतलं रसायन बाटलीत भरलं की निरुपद्रवी राहतं हा समज तरी सुटावा. कोबी-फ्लॉवर-ब्रोकोली खुशाल खा. त्यांतलं सल्फोराफेन दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे ग्लुटाथायोन वगैरे जोडून माल बाहेर काढणारी, सफाई एन्झाइम्स वाढवतं. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र विडी ओढणाऱ्या माणसाला देऊ नका.

चाचणीबद्दल. १९७३ मध्ये केलरमन यांनी पांढऱ्या पेशींमध्ये हे एन्झाइम किती वाढतं ते मोजलं आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जास्त वाढणारे लोक अधिक आढळले. तेव्हा खूप गाजलं, पण इतरांना तो निकाल सातत्याने मिळाला नाही. मग जनुकातल्या बदलांची पाळी आली. ४६२ क्रमांकावर आयसोल्यूसिनऐवजी व्हॅलिन, आणि जनुकाच्या शेपटाकडचा एमएसपी१ बदल. जपानमध्ये कावाजिरी यांनी १९९० च्या सुमारास संबंध दाखवला, इतर लोकसमूहांत तो कधी दिसला, कधी नाही. ग्लुटाथायोन जोडणाऱ्या एका सफाई एन्झाइमचं जीएसटीएम१ जनुक मुळातच नसलेल्या लोकांत धोका थोडा वाढल्यासारखा दिसतो, पण तेही तंबाखूच्या प्रमाणाच्या तुलनेत किरकोळ. कर्करोगाचा धोका सांगणाऱ्या जनुक-किटच्या जाहिरातींत ही नावं हमखास असतात. निकाल ‘कमी धोका’ आला तर विडी ओढणारा माणूस निर्धास्त होतो, ‘जास्त’ आला तर घर घाबरतं. दोन्ही वेळा सल्ला एकच असतो. असल्या निकालाचा रुग्णाला काडीचाही फायदा नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर मोजता येते. मघाशी सांगितलेल्या एएचआरआर जनुकावरचे मिथाइल गट (डीएनएवरच्या छोट्या रासायनिक खुणा) धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ठळकपणे कमी झालेले असतात आणि विडी सोडल्यावर हळूहळू, काही वर्षांत, परत चढतात. हे अजून संशोधनाचं साधन आहे, पण मला ते आश्वासक वाटतं. नियंत्रणाच्या यंत्रणेवर धुराची खूण उमटते आणि ती बरीचशी पुसलीही जाते.

इथे एक खुलासा. तंबाखूतलं सगळंच विष या वाटेनं जात नाही. तंबाखूतल्या एनएनके या नायट्रोसमिन कुळातल्या कर्करोगकारकाला फुप्फुसात जागवतं ते मुख्यतः सीवायपी२ए१३. म्हणून सीवायपी१ए१ पूर्ण बंद केलं तरी कर्करोगाचा दुसरा दरवाजा उघडाच. चघळण्याच्या तंबाखूत धूर नाही, तेव्हा तिथला मुख्य रस्ताही नायट्रोसमिनचा. मिश्रीची गोष्ट निराळी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूत नायट्रोसमिनसोबत भाजण्यातून आलेली बेंझोपायरीनसारखी रसायनंही असतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका ती दिवसातून अनेकदा हिरड्यांना लावतात. वडिलांची काळजी करताना आई-आजीच्या मिश्रीच्या डबीकडेही पाहा. चुलीच्या धुराचंही तसंच. चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेईत बायका विडी-सिगारेट ओढत नसत, तरी घरात धुराचा दगडी कोळसा जाळल्याने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण भयंकर होतं. चुलीला धुराडं बसवल्यावर ते उतरलं.

आता वडिलांबद्दल. विडी सुटली पाहिजे हे सांगायला मी नको. पण ती सुटताना एक औषधशास्त्रीय धोका असतो आणि तो घरी कुणी सांगत नाही. एएच रिसेप्टर सीवायपी१ए१बरोबर त्याचा यकृतातला भाऊ सीवायपी१ए२ यालाही वाढवतो. दम्यावरचं थिओफायलिन, मनोविकारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधं सीवायपी१ए२ मोडतं. बरीच वर्षं विडी ओढणाऱ्याला दम-खोकला असतो आणि त्याच्याकडे डेरिफायलिनची पट्टी असते. त्यात थिओफायलिन आहे. विडी थांबली की वाढलेलं सीवायपी१ए२ साधारण ३९ तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे आठवडाभरात ते मूळ पातळीला पोचतं. गोळीची मात्रा तीच, पण रक्तातलं थिओफायलिन चढतं : मळमळ, धडधड, झोप उडणं, फार चढलं तर झटके. घरचे म्हणतात, ‘विडी सोडल्यामुळे त्रास होतोय’, आणि माणूस पुन्हा विडी पेटवतो. म्हणून विडी सोडण्याची तारीख ठरली की डॉक्टरांना आधी सांगा आणि मात्रा तपासून घ्या. निकोटिनचा पॅच किंवा गम वापरला तरी हा बदल होतोच, कारण एन्झाइम वाढवतो तो धूर, निकोटिन नव्हे. उलट बाजूही लक्षात असू द्या. फुप्फुसाच्या कर्करोगावरचं अर्लोटिनिब धूम्रपान चालू असलेल्या रुग्णांच्या रक्तात बरंच कमी भरतं. मात्रा दुप्पट करून पाहिली गेली, तरी रुग्णांचा ठोस फायदा दिसला नाही.

तपासणीचं म्हणाल तर त्यांचं वय ५० च्या पुढे असेल आणि विडी बरीच वर्षं चालू असेल, तर कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोला. जाताना जुने एक्स-रे आणि पूर्वी टीबी झाला असेल तर त्याचे कागद सोबत न्या, कारण आपल्याकडे टीबीचे जुने व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात आणि नाहक बायॉप्सीपर्यंत प्रकरण जातं. त्याच फेरीत दंतवैद्याकडून तोंड आतून तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.